श्रोत्याचा प्रश्न

लेखकाचे व्याख्यान हा वाङ्मयप्रकार मानावा की नाही, याचा आपल्या समीक्षकांनी फारसा विचार केलेला नाही. पुस्तकाचे परीक्षण होते, नाटकाचे होते. लेखक ग्रंथालयात येऊन तासभर बोलून गेला तर त्याची फक्त बातमी होते, आणि बातमीत बहुधा शाल व श्रीफळ कोणाच्या हस्ते दिले एवढेच असते. आम्हांस मात्र वाटते की या प्रकारालाही कस लावता येतो, आणि तो वक्त्याच्या वाणीवरून नव्हे, श्रोत्याच्या प्रश्नावरून लागतो.

पणजीला पाटो येथे खाडीच्या काठी कृष्णदास शामा गोवा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयाची नवी बहुमजली वास्तू उभी आहे. इमारत २०११-१२ च्या सुमाराची, पण संस्था १८३२ सालची. पोर्तुगीज अमदानीत धर्मसंघ बंद करण्यात आले, तेव्हा त्यांच्या मठांतील ग्रंथ या संग्रहात आले. आज तेथे व्याख्याने होतात, पुस्तक-प्रकाशने होतात. बाहेर पाणी, आत जुन्या ग्रंथांची दालने, अशा जागी लेखकाने बोलावयास उभे राहावे हे उचितच आहे. परंतु त्या भूमीत लेखकाचे बोलणे आणि श्रोत्याचे विचारणे यांचा संबंध या वास्तूहून कितीतरी जुना आहे.

फादर थॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये राशोल येथे छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ आपल्या घरोघरी नावाने ठाऊक आहे, वाचणारे थोडे. ज्यांनी आरंभ तरी वाचला असेल त्यांस स्मरेल की ग्रंथाचा उगम एका प्रश्नात आहे. साष्टीत पाद्री धर्मशिक्षण देत असता एक ब्राह्मण त्यांस विचारतो, की आमची जुनी पुराणे तुम्ही मना केलीत, मग त्यांच्या जागी आमच्या भाषेत दुसरे पुराण का देत नाही? हा प्रश्न साधा नाही. त्यात तक्रार आहे, आणि ती वक्त्याच्याच पक्षाविरुद्ध आहे. वाचावयाचे ते हिरावून घेतले गेले, अशा माणसाचा तो प्रश्न आहे. स्टीफन्सनी तो गाळला नाही, ग्रंथाच्या दारातच ठेवला. एवढ्या एका गोष्टीसाठीही आम्ही त्यांस मोठा लेखक मानू.

अर्थात भाबडेपणाने वाचू नये. हा प्रश्नकर्ता लेखकाच्याच लेखणीतून बोलतो. त्याचे नाव आपल्याला कळत नाही, आणि उत्तर मिळाल्यावर तो फारसा हट्ट धरीत नाही. खऱ्या श्रोत्याने धरला असता.

आम्ही ऐकलेल्या बहुतेक व्याख्यानांत प्रश्नांची वाट काय लागते, ते सांगावयास नको. परिचय लांबतो, प्रास्ताविक त्याहून लांबते, आणि अखेरीस ‘वेळेअभावी’ प्रश्नोत्तरे रद्द होतात. कोठे चिठ्ठ्या मागवितात. चिठ्ठ्यांतून सोयीची तेवढी वाचली जाते. श्रोताही निर्दोष नाही. प्रश्न म्हणून उठतो आणि स्वतःच दहा मिनिटे व्याख्यान देतो.

प्रश्नाला सभेत जागा नसली तर तो कोठून येतो, हे तेव्हाच्या उस्मानाबादने, म्हणजे आजच्या धाराशिवने, पाहिले आहे. १० ते १२ जानेवारी २०२० रोजी तेथे ९३ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. या पदावर आलेले पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. ‘सुवार्ता’चे दीर्घकाळ संपादक, ‘सुबोध बायबल’चे कर्ते, हरित वसईच्या लढ्यातील अग्रणी. २०१९ च्या सप्टेंबरात निवड जाहीर होताच धर्मगुरू अध्यक्ष कसा, असा आक्षेप काहींनी घेतला. आक्षेप घेण्याचा अधिकार कोणासही आहे. तो समोर उभे राहून विचारला असता तर फादरांनी आनंदाने उत्तर दिले असते, असे त्यांचे लेखन वाचणारा कोणीही म्हणेल. पण तो आला पत्रांतून आणि दूरध्वनींवरून, धमकीच्या सुरात. पाठीच्या दुखण्याने जर्जर झालेले फादर तरीही आले आणि बोलले. त्यांचे २५ जुलै २०२४ रोजी निधन झाले. अध्यक्षीय भाषणाच्या रूढ साच्यात श्रोत्याला टाळ्यांपलीकडे काही करता येत नाही, हा त्या साच्याचा दोष आहे, वक्त्याचा नव्हे. गोरोबाकाकांच्या तेरजवळ भरलेल्या संमेलनात हे जाणवावे, याचे आम्हांस अधिक वाईट वाटते. संतांची मडकी थापटून पाहणारी परीक्षा तेथलीच.

याच जिल्ह्यात परंडा तालुक्यात, सीनेच्या काठी डोमगाव आहे. समर्थ रामदासांचे शिष्य कल्याणस्वामी यांचा मठ तेथला. दासबोध समर्थांनी सांगितला आणि कल्याणांनी लिहून घेतला, अशी परंपरा आहे. डोमगावच्या प्रतीवरूनच धुळ्याच्या शंकर श्रीकृष्ण देवांनी १९०५ मध्ये तो ग्रंथ छापला. त्याचाही आरंभ श्रोत्यांच्या विचारण्यातूनच होतो: हा ग्रंथ कोणता, यात काय सांगितले आहे, ऐकून काय मिळेल? राशोल आणि डोमगाव यांचे पंथ वेगळे, काळही थोडा मागेपुढे. पण दोन्ही ठिकाणी श्रोता आधी तोंड उघडतो, ग्रंथकर्ता मागून. आणि डोमगावी तर ऐकणाऱ्याच्याच हाती लेखणी होती.