भोग कोणाचा, जबाबदारी कोणाची?

कर्करोग झालेल्या बाईविषयी आपल्या खेड्यांत एक शब्द हटकून उच्चारला जातो: ‘भोग’. सटवाईने कपाळी लिहिले ते चुकायचे नाही, असे म्हटले की विचार संपतो. म्हणूनच या शब्दाची चिकित्सा केली पाहिजे.

गर्भाशयमुखाचा कर्करोग सावकाश वाढतो. वेळीच तपासणी व उपचार झाले तर बाई वाचते. परंतु अंगावरून जाणे हाच भोग मानला की ती दवाखाना उशिरा गाठते, दगावते. आणि ‘कॅन्सर म्हणजे मरणच’ ही समजूत गावात पक्की होते. दैववाद स्वतःचा पुरावा असा स्वतःच तयार करतो.

पण ‘हे लोकच दैववादी’ म्हणून हात झटकणारे सुशिक्षितही तितकेच तपासले पाहिजेत. बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्यातले हिवरा आश्रम हे गाव विवेकानंद आश्रम आणि शुकदास महाराजांची रुग्णसेवा यांमुळे ओळखले जाते. तिथे उपचाराच्या आशेने आलेल्या माणसांनी सारे नशिबावर सोडले होते, असे कसे म्हणावे? माणूस दैवाला शरण जातो तो बहुधा दुसरी वाट दिसत नाही तेव्हा.

याचा पडताळा मराठवाड्यात मिळतो. तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात १९९९ पासून टाटा स्मारक केंद्र आणि बार्शीचे नर्गिस दत्त रुग्णालय यांच्या सहभागाने १,३१,७४६ स्त्रियांचा अभ्यास झाला. गावांचे ५२ समूह चिठ्ठ्या टाकाव्यात तसे चार गटांत वाटले गेले. एका गटाला एकदाच एचपीव्ही तपासणी देऊ केली. दहांपैकी जवळजवळ आठ जणी आल्या. कुठे गेला त्यांचा दैववाद? २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. या गटातील ३४,१२६ स्त्रियांपैकी ३४ जणी या कर्करोगाने दगावल्या. नेहमीच्या व्यवस्थेवर, म्हणजे तपासणीवाचून, सोडलेल्या गटात ३१,४८८ पैकी ६४ जणी गेल्या. सटवाई दोन्हीकडची एकच होती. फरक तपासणीचा होता. ज्यांच्या वाट्याला ती आली नाही, त्यांचे ललाट चिठ्ठीने लिहिले.

पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत गरिबांच्या व हीनदीनांच्या स्थितीची जबाबदारी समाजावरून आणि शासनावरून उतरवतो, हे बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द बुद्ध अँड हिज धम्म’मध्ये नेमके दाखवले आहे. ‘भोग’ हा शब्द आजही तेच काम करतो. तो बाईच्या तोंडून गेला पाहिजे, हे खरेच. पण त्याआधी तपासणी तिच्या गावात पोहोचली पाहिजे.