‘परिसर’ म्हणजे नेमका किती?

साहित्याच्या पानावर सरकारी आदेशांची समीक्षा कशाला, असं कुणी विचारेल. माझं उत्तर सोपं आहे. २०२० आणि २०२१ मध्ये आमच्या मीरा रोडच्या घरात लॉकडाऊनचे आदेश जितक्या बारकाईने वाचले गेले, तितकं दुसरं काहीच वाचलं गेलं नाही. व्हॉट्सॲपवर पीडीएफ यायची, बाबा ती दोन बोटांनी मोठी करून वाचायचे आणि मग फोन माझ्याकडे सरकवायचे: “यात आपलं काय?” कादंबरी फसली तर वाचक ती मिटून ठेवतो. आदेश फसला तर कुणीतरी नाक्यावरून परत जातं, कुणाचा पगार बुडतो. इतकं वजन असलेल्या गद्याबद्दल आपण फार कमी बोललो आहोत. बोललो तेही ‘लोक ऐकत नाहीत’ एवढंच.

लोक ऐकत नव्हते, हे मला अर्धंच पटतं. आमच्या इमारतीतली बरीच माणसं ऐकायला तयार होती. काय ऐकायचं तेच कळत नव्हतं.

आधी शब्दांकडे बघू. मराठी वर्तमानपत्रांनी लॉकडाऊनला ‘टाळेबंदी’ म्हटलं. मुंबईच्या आसपास वाढलेल्या माणसाच्या कानात हा शब्द आधीच भरलेला होता. टाळेबंदी म्हणजे मालक गिरणीला कुलूप लावतो ती. संप कामगार करतो, टाळेबंदी मालक. माझे आजोबा हा शब्द ऐकून म्हणाले होते, “आता कुणी केली?” त्यांचा प्रश्न विनोदी वाटला तरी भाषेच्या दृष्टीने बरोबर होता, कारण या शब्दात ‘कुणी केली’ हे दडलेलंच असतं. ‘संचारबंदी’ला दंगलीची आठवण चिकटलेली. ‘जमावबंदी’ म्हणजे तेव्हाचं १४४ कलम, म्हणजे पाच जणांनी एकत्र येऊ नये. मग चौघांनी भाजी आणायला जावं का? वर ‘सामाजिक अंतर’. ज्या समाजात हजारो वर्षं सामाजिक अंतर पाळूनच माणसं जगली, तिथे हे शब्द इतक्या सहज छापले गेले याचं मला अजूनही आश्चर्य वाटतं. जागतिक आरोग्य संघटनेने मार्च २०२० मध्येच ‘फिजिकल डिस्टन्सिंग’ म्हणायला सुरुवात केली होती. आपल्याकडे ‘सुरक्षित अंतर’ हा साधा शब्द उपलब्ध होता, काही ठिकाणी वापरलाही गेला, पण तो रुळेपर्यंत फलक रंगवून झाले होते.

दुसरी अडचण लेखकाची. आदेशाला एक लेखक असेल तर वाचकाला त्याची सवय होते. मीरा-भाईंदरला किती लेखक होते ते मोजा. केंद्रीय गृह मंत्रालय, राज्याचे मुख्य सचिव, ठाण्याचे जिल्हाधिकारी, मीरा-भाईंदर महापालिकेचे आयुक्त आणि पोलीस. पोलीसही कोणते? १ ऑक्टोबर २०२० ला मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालय सुरू झालं. त्याआधी आम्ही ठाणे ग्रामीण पोलिसांच्या हद्दीत होतो. लाखो लोकांचं शहर, उंच इमारती, लोकल, मॉल, आणि पोलीस ‘ग्रामीण’. फोनचा कोड मुंबईचा ०२२, गाडीची नंबरप्लेट ठाण्याची एमएच ०४, नोकरी अंधेरीत, बातम्या मुंबईच्या. त्यामुळे मुंबईचा आदेश आपलाच, असं समजून वाचणारी माणसं आमच्याकडे ढिगाने होती. त्यांना मूर्ख म्हणता येणार नाही. दहिसर चेकनाक्याच्या अलीकडे आणि पलीकडे तशाच इमारती, तशीच दुकानं आहेत. शहर बदललं हे कमान आणि फलक बघूनच कळतं.

याचं सगळ्यात चांगलं (म्हणजे सगळ्यात वाईट) उदाहरण २०२० च्या जूनअखेरचं आहे. चार दिवसांत तीन मजकूर आले.

२८ जूनला मुंबई पोलिसांनी सांगितलं की खरेदी, व्यायाम वगैरेंसाठी घरापासून दोन किलोमीटरच्या आतच फिरायचं. ऑफिस आणि वैद्यकीय गरज वगळून. वाक्य स्वच्छ आहे, आकडा आहे. पण दोन किलोमीटर कसे मोजायचे? सरळ रेषेत की रस्त्याने? आमचे काका दहिसरला नाक्याजवळ राहतात. त्यांच्या घराभोवती दोन किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्याचा बराच भाग मीरा रोडमध्ये येतो. म्हणजे मुंबई पोलिसांच्या नियमाने काका आमच्याकडच्या बाजारात येऊ शकतात का? हा प्रश्न मी त्यांना फोनवर विचारला तेव्हा ते म्हणाले, “तू इंजिनीअर झालास तेव्हापासून असलेच प्रश्न विचारतोस.” आले मात्र नाहीत.

दुसऱ्या दिवशी, २९ जूनला, राज्य सरकारचा ‘मिशन बिगिन अगेन’चा नवा आदेश आला. त्यात किलोमीटर नव्हते. तिथे इंग्रजीत ‘नेबरहुड’ होतं: अत्यावश्यक नसलेली खरेदी आणि बाहेरचा व्यायाम आपल्या परिसराच्या हद्दीत. परिसर! हा शब्द मराठीत इतका मवाळ आहे की मंदिराचाही परिसर असतो, विद्यापीठाचाही आणि अपघात झाला तर ‘घटनास्थळाचा परिसर’ही असतो. हद्द मात्र कडक शब्द आहे. हद्दीला खांब लागतो. मवाळ शब्दाला कडक शब्द जोडला की वाचणारा आपल्या सोयीचा अर्धा भाग उचलतो. तरुण मुलं ‘परिसर’ उचलतात, पोलीस ‘हद्द’.

आणि १ जुलैला मीरा-भाईंदर महापालिकेने पूर्ण लॉकडाऊन लावला. आधी १० जुलैपर्यंत, मग वाढवून १८ जुलैपर्यंत. राज्य म्हणतंय ‘बिगिन अगेन’, मुंबई म्हणतेय दोन किलोमीटर, आणि आमची पालिका म्हणतेय घरातून निघूच नका. तिन्ही एकाच वेळी खरे. रुग्ण वाढत होते, पालिकेचा निर्णय चूक होता असं मी म्हणत नाही. पण नवा आदेश आधीच्या कोणत्या आदेशाचं कोणतं वाक्य रद्द करतो, हे सांगायची पद्धतच नव्हती. जवळपास प्रत्येक पीडीएफच्या शेवटी, आधीचे आदेश या आदेशाशी सुसंगत असतील तितपत चालू राहतील, अशा अर्थाचं काहीतरी असायचं. सुसंगत आहे की नाही हे तपासायचं काम वाचकाचं. आमच्या धंद्यात कोड बदलला की जुन्या आणि नव्यातला फरक ओळीगणिक दाखवावा लागतो. काढलेली ओळ लाल, घातलेली हिरवी. नाहीतर तुमचं काम पुढे सरकतच नाही. इथे दर महिन्याला नवा आदेश आणि दर आदेशाच्या पोटात जुना. अख्खा नियम कुठल्याच एका कागदावर नव्हता.

त्या काळातला एक नियम मला मनापासून आवडला होता, तो म्हणजे दुकानांचा पी-१, पी-२. रस्त्याच्या एका बाजूची दुकानं विषम तारखेला, दुसऱ्या बाजूची सम तारखेला. पार्किंगच्या पाटीवरून उचललेली कल्पना. कुणालाही समजावून सांगावी लागली नाही, कारण वाचकाला ती आधीच येत होती. (३१ तारखेनंतर १ तारीख येते, म्हणजे एकाच बाजूला सलग दोन दिवस मिळतात, हे पहिल्यांदा दुकानदारांनी ओळखलं, माझ्यासारख्यांनी नाही.)

मजकूर अर्धवट असला की तो पूर्ण करणारा माणूस लागतो. लॉकडाऊनमध्ये ते काम दोघांकडे गेलं: नाक्यावरचा हवालदार आणि सोसायटीचा सेक्रेटरी. आमच्या सोसायटीच्या नोटीस बोर्डावर लागलेली सूचना मला जवळजवळ पाठ आहे. ‘शासनाच्या आदेशानुसार’ अशी सुरुवात, आणि खाली घरकामाला येणाऱ्या बायकांना बंदी. कोणत्या शासनाच्या, कोणत्या तारखेच्या आदेशानुसार, ते नव्हतं. मी विचारलं तर उत्तर आलं, “वरून आलंय.” आमच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या मावशी गेटवर उभ्या राहून माझ्या आईशी फोनवर बोलत होत्या. दोघींमध्ये वीस पावलांचं अंतर. मावशींनी विचारलं, “वहिनी, सरकार म्हणतंय का नाही यायचं, की हे लोक म्हणतायत?” आईला उत्तर देता आलं नाही. पगार आम्ही देत राहिलो, पण मावशींची सहा घरं होती आणि सहाही घरांनी दिला असं नाही. मावशींचा प्रश्न हा त्या सगळ्या आदेशांवरची मला माहीत असलेली सर्वोत्तम टीका आहे. मजकुरात हे उत्तर असायला हवं होतं: हे कुणी म्हटलंय, आणि कुणाला म्हणता येत नाही.

आता दुसरी बाजूही आहे आणि ती मी टाळणार नाही. संदिग्ध शब्दांतून दयाही आत येते. ‘योग्य कारण’ असं मोघम लिहिलेलं असतं तेव्हाच हवालदार म्हाताऱ्या आईसाठी डबा घेऊन निघालेल्या मुलाला सोडू शकतो. प्रत्येक कारण यादीत घालायचं ठरवलं तर यादीत नसलेला माणूस मेला. म्हणून काही जण म्हणतात, आदेश सैलच बरे. मला हे पटत नाही, कारण सैलपणाचा फायदा कुणाला मिळतो ते आपण पाहिलंय. ज्याच्याकडे कंपनीचं लेटरहेड आहे, गाडी आहे, ज्याला साहेबांशी साहेबांसारखं बोलता येतं, त्याला. ज्याचं नाव, कपडे किंवा पत्ता हवालदाराला खटकतो, त्याला तोच शब्द काठीसारखा लागतो. दया मजकुराबाहेर ठेवली की ती चेहरा बघून वाटली जाते.

हे सगळं नवीन नाही. ज्या कायद्याचा आधार घेऊन २०२० मध्ये नियम निघाले, तो साथरोग कायदा १८९७ चा, मुंबई इलाख्यातल्या प्लेगसाठी केलेला. जेमतेम चार कलमांचा. सरकारला गरज वाटेल ते उपाय करता येतील, न ऐकणाऱ्याला शिक्षा, आणि कायद्याखाली चांगल्या हेतूने काम करणाऱ्यावर दावा नाही. वाचकाला, म्हणजे ज्याच्या घरात शिरायचं त्याला, काय हक्क, यावर अक्षर नाही. त्या वर्षी पुण्यात घरझडत्यांवरून काय झालं, रँडचं काय झालं, हे शाळेत सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण आणखी एक धागा आहे. जून २०२० मध्ये मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंध उठवायला ‘पुनश्च हरिओम’ म्हटलं. हे शब्द मराठी माणसाला टिळकांच्या अग्रलेखामुळे माहीत आहेत. तुरुंगवासानंतर ‘केसरी’त पुन्हा लिहायला घेतलं तेव्हाच्या. आणि तो तुरुंगवास घडला १८९७ मध्ये, रँडच्या खुनानंतर ‘केसरी’तल्या लेखनावर भरलेल्या राजद्रोहाच्या खटल्यात. म्हणजे कायदाही प्लेगच्या वर्षाचा आणि त्यातून सुटकेची घोषणाही त्याच गोष्टीतली. हे योगायोगाने झालं असेल. मला मात्र त्या घोषणेत, बाकी सगळ्या कागदांपेक्षा, मराठी वाचक डोळ्यासमोर ठेवून कुणीतरी लिहिलंय असं जाणवलं.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेत मजकूर सुधारला का? थोडा. एप्रिलमध्ये मुंबई पोलिसांनी गाड्यांना लाल, हिरवे, पिवळे स्टिकर लावायला सांगितले आणि आठवड्याभरात ते मागेही घेतले. त्याच दिवसांत एकाने ट्विटरवर विचारलं होतं की मैत्रिणीला भेटायला कोणता स्टिकर लावू. पोलिसांनी त्याला समजावलं की ही तुझ्यासाठी अत्यावश्यक गोष्ट असली तरी आमच्या यादीत बसत नाही. सगळे हसले. पण त्या उत्तरात अख्ख्या आदेशात नसलेली एक गोष्ट होती. एका माणसाच्या एका प्रश्नाला थेट उत्तर.

मग आले पाच स्तर. ३ जून २०२१ ला मंत्री विजय वडेट्टीवार यांनी ते पत्रकारांना सांगून टाकले, त्याच दिवशी सरकारने निर्णय अजून झालेला नाही असं म्हटलं, आणि ४ जूनला आदेश निघाला. गोंधळ सोडा, मजकूर म्हणून मी याला सगळ्यात वरचे मार्क देतो. कारण त्यात पहिल्यांदा नियम कसा बदलेल याचाच नियम होता: पॉझिटिव्हिटी किती आणि ऑक्सिजनच्या किती खाटा भरलेल्या. चूकही होती. तिसरा स्तर पॉझिटिव्हिटी ५ ते १० टक्के ‘किंवा’ खाटा ४० टक्क्यांहून जास्त भरलेल्या. चौथा १० ते २० ‘किंवा’ ६० हून जास्त. आता पॉझिटिव्हिटी ७ आणि खाटा ६५ असतील तर? वरून वाचत आलात तर तिसऱ्यात थांबाल, खालून वाचलंत तर चौथ्यात. ‘जो स्तर कडक तो लागू’ एवढं एक वाक्य पुरलं असतं. तरी बाबांना त्या आठवड्यात मला काही विचारावं लागलं नाही. ते स्वतःच आकडे शोधत बसायचे.

फक्त त्यांना आपले आकडे सापडत नव्हते. स्तरांच्या आधीच्या, ३० मेच्या आदेशात दहा लाखांहून जास्त लोकसंख्येच्या महापालिका स्वतंत्र घटक धरल्या होत्या आणि बाकीचा जिल्हा वेगळा. लोकसंख्या २०११ च्या जनगणनेची. दक्षिणेला मुंबई स्वतंत्र, पूर्वेला ठाणे स्वतंत्र, खाडीपलीकडे वसई-विरार स्वतंत्र. २०११ मध्ये मीरा-भाईंदरची लोकसंख्या सुमारे ८ लाख ९ हजार होती, म्हणून आम्ही ‘उर्वरित ठाणे जिल्हा’. दहा वर्षांत घोडबंदरपासून उत्तनपर्यंत किती टॉवर उभे राहिले हे इथे राहणाऱ्याला डोळ्यांनी दिसतं, पण तेव्हा मोजलेलं नव्हतं. २०२१ ची जनगणना व्हायची होती. ती कोविडमुळे पुढे ढकलली होती.