‘बुद्धिमत्ता चाचणी’चे 100 गुण नेमकं काय मोजतात?

आपल्याकडे बहुतेकांची बुद्धिमत्ता मोजण्याशी पहिली गाठ पडते ती शिष्यवृत्ती परीक्षेत. राज्य परीक्षा परिषदेच्या या 300 गुणांच्या परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ला 50 प्रश्न आणि 100 गुण असतात. विसंगत पद, सांकेतिक भाषा, आरशातली प्रतिमा, संख्यामालिका वगैरे. माझा आक्षेप परीक्षेपेक्षा या नावावर आहे.

समजा, चिखली तालुक्यातल्या अमडापूरची एक मुलगी आणि बुलडाण्यात वर्षभर शिकवणी लावलेला एक मुलगा एकच पेपर सोडवतात. मुलाने आरशातल्या प्रतिमेचे शेकडो प्रश्न घोटलेत. मुलीने तो प्रकार परीक्षेआधी जेमतेम दोनदा पाहिलाय. त्याला 80, तिला 62. या 18 गुणांत बुद्धी किती आणि सराव किती? पेपर हे सांगत नाही, सांगूही शकत नाही. पण घरी-शाळेत निकाल लागतो तो ‘पोरगी तेवढी हुशार नाही’ असाच.

इथे संशोधनातले दोन शब्द नीट वेगळे ठेवा. पुन्हा मोजल्यावर साधारण तोच गुण येणं म्हणजे विश्वसनीयता. जे मोजतो असं म्हणतो तेच मोजणं म्हणजे सप्रमाणता. वजनकाटा रोज तंतोतंत तेच वजन दाखवेल, म्हणून त्यावरून उंची कळत नाही. शिवाय सप्रमाणता चाचणीला कायमची चिकटलेली नसते. गुणांवरून आपण जो अर्थ काढतो, त्याची ती असते.

आल्फ्रेड बिने यांनी 1905 मध्ये पॅरिसमध्ये चाचणी केली ती शाळेत जादा मदत लागणारी मुलं शोधायला, त्यांच्यावर कायमचा शिक्का मारायला नव्हे. तीच चाचणी व्ही. व्ही. कामत यांनी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. 1940 च्या त्यांच्या पुस्तकातून घ्यायचा धडा असा: नुसतं भाषांतर पुरत नाही. प्रश्न इथल्या मुलांवर तपासावे लागतात आणि मानकंही इथलीच लागतात.

पण उलट टोकाला जाऊ नका. खेड्यातल्या मुलांची सरासरी कमी आली एवढ्यावरून चाचणी पक्षपाती ठरत नाही. शाळांतला खरा फरकही त्यात दिसत असेल. तपासायचं असेल तर एकूण गुण सारखे असलेली गावातली आणि शहरातली मुलं घ्या आणि एकेक प्रश्न बघा. सारख्या क्षमतेच्या मुलांपैकी एकाच गटाला तो जड जातोय का? जात असेल तर त्या प्रश्नात शब्द, संदर्भ की सराव आडवा येतोय, ते शोधा. सगळ्याच प्रश्नांत सरावाचा वाटा असेल तर ही पद्धतही अपुरी पडते. मग सरावाची संधी वेगळी मोजावी लागते.

परीक्षा बंद करा, असं मी म्हणत नाही. ती नसेल तर निवड ओळखीपाळखीने होण्याची भीती आहे, आणि त्यात गरिबाचं पोर आधी मागे पडतं. सगळ्यांना एकच पेपर, एकच उत्तरसूची, ही छोटी गोष्ट नव्हे. पण निवडीचं साधन म्हणून चालणारा गुण बुद्धीचं माप म्हणून चालेलच असं नाही. एक प्रश्न 2 गुणांचा. त्या एका प्रश्नाने शिष्यवृत्ती हुकू शकते, कारण रेघ कुठेतरी ओढावीच लागते. बुद्धी मात्र त्या रेघेवर बदलत नाही.

तुमच्या प्रबंधात ‘बुद्धिमत्ता’ हे चल येणार असेल, तर आधी तीन ओळी लिहून काढा: हा आकडा कशाचा, मानकं कोणत्या मुलांवरून काढली, आणि त्यावरून कोणता निर्णय होणार. तिसरी ओळ बदलली की पहिल्या दोन पुन्हा तपासायच्या.