येणाऱ्याची चाहूल : 'ख्रिस्तपुराणा'तील पैले पुराण वाचताना

फादर थॉमस स्टीफन्स ह्यांच्या ज्या ग्रंथाला आपण आज 'ख्रिस्तपुराण' म्हणतो, त्याच्या १६१६ सालच्या पहिल्या आवृत्तीच्या शीर्षकपानावर ते नाव नव्हते. गोव्यातील राशोल येथे छापलेल्या त्या ग्रंथाला पोर्तुगीज शीर्षक होते, आणि त्याचा अर्थ 'आमचा तारणारा येशू ख्रिस्त ह्याच्या जगात येण्याविषयीचे निरूपण, दोन भागांत' असा होतो. ह्या शीर्षकातील 'येणे' ह्या शब्दाकडे वाचकांचे लक्ष वेधावे, एवढ्याचसाठी आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे. ख्रिस्ताचे चरित्र, उपदेश किंवा चमत्कार असे काही तेथे म्हटलेले नाही. तेथे आहे ते येणे. आगमनकाळात चार रविवार आपण जो शब्द प्रार्थनेत घोळवतो, तोच ह्या महाकाव्याच्या दारावर लिहिलेला होता.

आपण मात्र हा ग्रंथ दुसऱ्याच कारणासाठी लक्षात ठेवला. स्टीफन्सनी मराठीची थोरवी गाताना मोगरा, कस्तुरी, मोर ह्यांच्या उपमा दिल्या. त्या चार-पाच ओव्या शाळेच्या पुस्तकांतून आणि मराठी भाषा दिनाच्या भाषणांतून इतक्या फिरल्या की बाकीचे दहा हजारांवर ओव्यांचे काव्य त्यांच्या आड झाकले गेले. परक्या देशातून आलेल्या माणसाने आपल्या भाषेचे कौतुक केले म्हणजे आपल्याला बरे वाटते. पण कौतुक ऐकून पुस्तक मिटून ठेवणे हे काही वाचन नव्हे. अभ्यासकांनी अर्थातच पुष्कळ अधिक केले आहे. फादर नेल्सन फाल्काव ह्यांनी ह्या काव्यातील ख्रिस्ती आणि हिंदू परंपरांच्या भेटीचा जो शोध घेतला, त्यावाचून आज कोणालाही पुढे जाता येणार नाही. देवाला 'वैकुंठराजा' म्हणणाऱ्या ह्या कवीने कोणते शब्द घेतले, कोणते टाकले, ह्याची चर्चा आता चांगली रुळली आहे. तथापि हे काव्य एक कथा म्हणून श्रोत्याच्या मनाला कसे धरून ठेवते, ह्या प्रश्नाकडे आमच्या मते हवे तेवढे लक्ष गेलेले नाही.

ग्रंथाची रचना पाहावी. त्याचे 'पैले पुराण' आणि 'दुसरे पुराण' असे दोन भाग आहेत. अध्यायाला कवी 'अवस्वरू' म्हणतो. पहिल्यात छत्तीस अवस्वरू, दुसऱ्यात एकोणसाठ. पंचाण्णवांपैकी छत्तीस, म्हणजे तिसऱ्या हिश्शाहून अधिक काव्य संपते तेव्हाही ज्याच्यासाठी ते रचले तो नायक जन्मलेला नसतो. सृष्टीची उत्पत्ती होते, आदाम आणि एवा बागेतून बाहेर पडतात, नोहाचे तारू पाण्यावर तरंगते, आब्राहाम देश सोडून निघतो, मोशे समुद्र ओलांडतो, दावीद गादीवर बसतो आणि संदेष्टे बोलून बोलून थकतात. ख्रिस्त अजून यावयाचा असतो. जुन्या करारापासून आरंभ करणे ही त्या काळच्या धर्मशिक्षणाची रीतच होती, हे खरे. पण ती रीत दहा-वीस ओव्यांतही उरकता आली असती. स्टीफन्सनी ती उरकली नाही. श्रोत्याला बेथलेहेमच्या गोठ्याशी पोचण्याची घाई असणार हे ओळखूनही त्यांनी त्याला छत्तीस बैठका थांबविले. ह्या थांबविण्यात काव्य आहे, असे आमचे म्हणणे आहे.

हे म्हणणे स्पष्ट करण्यासाठी आम्हांला ग्रंथ क्षणभर बाजूला ठेवून एका पत्राकडे जावे लागेल. इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात १५४९ साली जन्मलेले स्टीफन्स येशूसंघात दाखल झाले आणि ४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांच्या ताफ्यातून निघाले. ते २४ ऑक्टोबरला गोव्यास पोचले. त्यानंतर दोन-अडीच आठवड्यांनी, १० नोव्हेंबरला, त्यांनी लंडनमधील आपल्या वडिलांना प्रवासाची हकीकत लिहून पाठविली. हे पत्र १५८९ साली इंग्लंडात एका प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले गेले, म्हणूनच ते आपल्या हाती लागले.

पत्रात तीस वर्षांच्या एका चौकस माणसाचे डोळे आहेत. समुद्रातील शार्क, उडणारे मासे, वाऱ्याचा एक झोत नाही असे कोंडलेले दिवस, हे सारे तो वडिलांना सांगतो. हिरड्या सुजण्याच्या आणि अंग फुगण्याच्या आजाराने दीडशेहून अधिक माणसे अंथरुणास खिळली व त्यांतली सत्तावीस दगावली, हेही तो लिहितो. आणि मागच्या सफरींच्या मानाने ही हानी लोकांना फारशी वाटली नाही, अशी पुस्ती जोडतो. पण आमच्या विषयाच्या दृष्टीने पत्रातील मोलाचा भाग वेगळाच आहे. स्टीफन्स सांगतात की, पूर्व-पश्चिम दिशेने जहाज नेणे अवघड असते, कारण आकाशात त्यासाठी एकही स्थिर खूण नाही. उत्तर-दक्षिण किती आलो ते सूर्य-ताऱ्यांवरून मोजता येते. पूर्वेला किती सरकलो, ते त्या काळी कोणालाच नेमके कळत नसे. (ही अडचण पुढे अठराव्या शतकात, समुद्रावरही वेळ न चुकणारे घड्याळ तयार झाल्यावर सुटली.) मग खलाशी काय करीत? आधीच्या सफरींत ज्यांना जो पक्षी दिसला, हवेत वा पाण्यात जी खूण आढळली, ती प्रत्येक त्यांनी लिहून ठेवलेली असे. मागून येणारे त्या टिपणांवर विसंबून असत.

एवढे करूनही ताफा चुकला. हिंदुस्थान जवळ आला असे वाटत होते, तेव्हा जहाज प्रत्यक्षात तांबड्या समुद्राच्या तोंडाशी असलेल्या सोकोत्रा बेटाजवळ होते. त्यानंतर पुन्हा वाट पाहणे आले. मग हिंदुस्थानचे म्हणून ओळखीचे असलेले पक्षी दिसले. पुढे पाण्यावर ताडामाडाच्या फांद्या आणि लव्हाळे तरंगत आले. शेवटी साप पोहताना दिसले, आणि नाण्याएवढा गोल, निसर्गानेच ठसा उमटविल्यासारखा दिसणारा एक पदार्थ लाटांवर दिसू लागला. ह्या शेवटच्या दोन खुणा इतक्या खात्रीच्या समजल्या जात की, वारा अनुकूल असेल तर दुसऱ्या दिवशी जमीन दिसावयाचीच. ती दिसली, तेव्हा जहाजावरील पाणी आणि शिधा संपत आला होता.

हे पत्र वाचून पैले पुराण पुन्हा उघडले की संदेष्ट्यांची ओळख नव्याने पटते. ज्यांना किनारा दिसला नाही, पण ज्यांनी पक्षी पाहिला, फांदी पाहिली आणि मागून येणाऱ्यांसाठी ती नोंदून ठेवली, अशी ही माणसे आहेत. यशयाला गोठा दिसलेला नाही. मोशे तर कराराच्या भूमीच्या सीमेवरच मरण पावला. आब्राहामाला ताऱ्यांएवढी संतती मिळेल असे सांगितले गेले, तेव्हा त्याच्या घरात पाळणाही हललेला नव्हता. जुना करार हे अशा टिपणांचे बाड आहे आणि स्टीफन्स ते उलगडताना एकेक खूण श्रोत्याच्या हाती देतात. कवीने काव्य रचताना आपला समुद्रप्रवास आठवला असेल, असा पुरावा काही आम्ही देऊ शकत नाही. पत्र आणि पहिली आवृत्ती ह्यांत सदतीस वर्षांचे अंतर आहे. परंतु खुणा वाचण्याची सवय ज्याला समुद्राने लावली, त्याने येणाऱ्याचे काव्य असे खुणाखुणांनी रचावे, ही संगती आम्हांला केवळ योगायोगाची वाटत नाही.

येथे एक गोष्ट सांगितल्यावाचून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. ह्या काव्यातील नवख्रिस्ती श्रोता पाद्रीगुरूकडे तक्रार करतो की, आम्हांला वाचावयास पुराणे नाहीत. ही उणीव आपोआप निर्माण झालेली नव्हती. साष्टीतील देवळे १५६७ साली पाडण्यात आली होती आणि जुन्या पुराणांवर बंदी होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे येशूसंघाचे पाच जण मारले गेले, आणि त्यानंतर पोर्तुगीज सत्तेने गावच्या प्रमुखांनाही ठार केले. स्टीफन्स त्या वेळी साष्टीतच होते. ज्याची पोथी काढून घेतली आहे, त्याला 'तू कशाची तरी वाट पाहत होतास' असे सांगण्यात एक अवघडलेपण आहे. स्टीफन्सच्या ओवीत जो जिव्हाळा आहे, तो त्यामुळे खोटा ठरत नाही. उलट लोकांच्या कानांत ज्या छंदाची पोकळी राहिली होती, तोच छंद त्यांनी परत दिला. पण आशेचे हे काव्य एका हिरावून घेतलेल्या गोष्टीच्या जागी उभे आहे, हे विसरून त्याची स्तुती करू नये.

साहित्यिक उणीवही सांगितली पाहिजे. गुरूला उत्तर आधीच ठाऊक असते, आणि धर्मशिक्षकाचा उत्साह कवीला अनेकदा स्वस्थ बसू देत नाही. खूण दिसते न दिसते तोच तिचा अर्थ सांगितला जातो. खलाशी फांदी पाहून रात्रभर जागा राहतो. येथे श्रोत्याला त्याच बैठकीत 'ही फांदी अमुक किनाऱ्याची' असे कळते आणि विस्मयाची धार बोथट होते. लक्ष्मीबाई टिळकांच्या लेखणीला हा मोह कमी होता, असे आमचे मत आहे. रेव्हरंड टिळकांचे 'ख्रिस्तायन' १९१९ साली त्यांच्या मृत्यूमुळे अपुरे राहिले आणि लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेले. गुरूच्या आसनावर न बसता स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून कथा सांगावी तशी त्या सांगतात. दोन्ही काव्ये शेजारी ठेवून वाचणाऱ्यास हा फरक चटकन जाणवेल.

आता आमच्या देवनारविषयी थोडे. ह्या बाजूच्या धर्मग्रामांत गावठाणातले ईस्ट इंडियन, गोवेकर, मंगळूरकर, वसईकर आणि अहमदनगर-जालन्याकडून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे एकाच बाकावर बसतात. ह्या सर्वांना वाट पाहणे म्हणजे काय, हे पुराणातून शिकावे लागत नाही. येथील कचऱ्याचा डोंगर १९२७ पासून वाढतो आहे. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, तेव्हा धुरामुळे महापालिकेच्या शाळा बंद ठेवाव्या लागल्या. डोंगर हलविण्याची आश्वासने एका पिढीने ऐकली आणि दुसऱ्या पिढीला वारसा म्हणून दिली. २०२५ साली काढलेल्या निविदेत तेथील जुना कचरा सुमारे १८५ लाख टन धरलेला होता. आश्वासन आणि खूण ह्यांतील भेद आम्ही येथे शिकलो आहोत. आश्वासनात तारीख असते आणि ती टळते. खूण तारीख सांगत नाही. ती फक्त पाहणाऱ्याला जागे ठेवते. त्याच डोंगरामागे ठाण्याची खाडी आहे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास तिच्या चिखलावर फ्लेमिंगो उतरू लागतात. नेमके आपले आगमनाचे रविवार तेव्हाच येतात. फ्लेमिंगोंनी डोंगराचा एक टोपलीभर कचराही कधी कमी केला नाही, हे उघडच आहे. तरी पहिला थवा दिसल्याची बातमी येथील मुले धावत घरी आणतात, आणि त्यांच्या आवाजात जे असते ते पैल्या पुराणातल्या उत्तम ओव्यांत आहे. जेथे कवी अर्थ सांगण्याची घाई करत नाही, तेथे ते ऐकू येते.

ग्रंथाच्या वाट्यालाही प्रतीक्षा आली, हे वाचकांना ठाऊक असावे. १६१६, १६४९ आणि १६५४ अशा तीन आवृत्त्या निघाल्या; त्यांतली एकही छापील प्रत आज उपलब्ध नाही. १६८४ साली पोर्तुगीज सत्तेने लोकभाषेविरुद्ध फर्मान काढले. त्यानंतर हे काव्य हस्तलिखितांतून आणि उपवासकाळातील गायनातून जगले. जोसेफ साल्डाना ह्यांनी १९०७ साली मंगळूरहून ते रोमन लिपीत पुन्हा छापले, म्हणजे मध्ये अडीचशे वर्षे गेली. शांताराम बंडेलू ह्यांची देवनागरी आवृत्ती १९५६ ची, फादर कारिदाद द्रागो ह्यांची १९९६ ची, आणि फादर फाल्काव ह्यांची, आजच्या मराठी भाषांतरासह, २००९ ची. शेवटचीमुळे सामान्य कुटुंबालाही वाट मोकळी झाली आहे. मात्र तिचा आकार पाहून घरातील तरुण मंडळी दबकतात, हे मान्य केले पाहिजे. केवळ पैले पुराण, कठीण शब्दांच्या अर्थांसह, हाताला झेपेल अशा वेगळ्या पुस्तकात कोणी काढले तर ते फार उपयोगी पडेल.

तोवर आहे त्या आवृत्तीवर भागवावे. अवस्वरू छत्तीस आहेत आणि आगमनकाळाचे दिवस फार तर अठ्ठावीस, तेव्हा आरंभ थोडा आधी करावा लागेल. १९ नोव्हेंबरच्या संध्याकाळी रोझरीनंतर पहिला अवस्वरू घेतला आणि रोज एक ह्याप्रमाणे वाचन न चुकविता चालविले, तर छत्तिसावा २४ डिसेंबरला, मध्यरात्रीच्या मिस्साला निघण्यापूर्वी पुरा होतो. दुसरे पुराण मग नाताळच्या सकाळी उघडता येईल.