आकाश कुणी घेतलं, कुणी सोडलं?

मागच्या व्याख्यानात आपण शिकागोत होतो. आज न्यूयॉर्कला, मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला जाऊ. तिथे ब्रॉडवेवर १९०८ ते १९१५ या सात वर्षांत तीन इमारती उभ्या राहिल्या: सिंगर, वुलवर्थ आणि इक्विटेबल. उंच इमारत म्हटली की आपण आधी मजले मोजतो. आज जरा वेगळं विचारू या. हिने आकाश किती घेतलं, आणि शेजाऱ्याला किती ठेवलं?

पहिली सिंगर. शिलाई मशीनवाल्या कंपनीची, १९०८ सालची, ६१२ फूट उंच. वास्तुविशारद अर्नेस्ट फ्लॅग. गंमत बघा, हा माणूस मुळात उंच इमारतींचा टीकाकार. त्याचं म्हणणं असं की उंच जायचंच असेल तर प्लॉटच्या एक चतुर्थांश भागावर जा, बाकीचं बांधकाम बुटकं ठेवा. सिंगरचा मनोरा त्याने तसाच सडपातळ ठेवला, एकेक बाजू जेमतेम ६५ फुटांची.

दुसरी वुलवर्थ, १९१३ सालची, ७९२ फूट. पाच आणि दहा सेंटांच्या वस्तू विकून श्रीमंत झालेल्या फ्रँक वुलवर्थने ती बांधून घेतली. वास्तुविशारद कास गिल्बर्टने तिला टेराकोटाचा गॉथिक पेहराव चढवला, म्हणून तिला ‘व्यापाराचं कॅथीड्रल’ असं नाव पडलं. पण आत लॉबीत नाणी मोजणाऱ्या खुद्द वुलवर्थची छोटी मूर्ती आहे! गिल्बर्टलाही भ्रम नव्हता. गगनचुंबी इमारत म्हणजे जमिनीतून पैसा काढणारं यंत्र, असं त्यानेच म्हणून ठेवलं होतं. हा प्रामाणिकपणा आम्हाला त्या गॉथिक नक्षीइतकाच महत्त्वाचा वाटतो.

आणि तिसरी इक्विटेबल, १९१५ सालची. उंचीला ५३८ फूट, म्हणजे तिघींत ठेंगणी. पण प्लॉट एक एकराहून थोडा कमी आणि आत जागा सुमारे १२ लाख चौरस फूट! आपल्याकडच्या एफएसआयच्या भाषेत बोलायचं तर जवळजवळ ३०. फुटपाथपासून सरळ वर चढलेली भिंत, कुठेही मागे सरकणं नाही. आजूबाजूच्या इमारतींचा उजेड गेला.

पुढच्याच वर्षी, १९१६ साली, न्यूयॉर्कने झोनिंगचा कायदा केला. त्याचं सगळं श्रेय इक्विटेबलला देण्याची पद्धत आहे, ती आम्हाला पटत नाही. उंचीचा विचार करणारी समिती १९१३ सालीच नेमली होती. पण इक्विटेबलने तो वाद रस्त्यावरच्या माणसाला डोळ्यांनी दाखवला, एवढं नक्की. कायद्याने सांगितलं, वर जाताना टप्प्याटप्प्याने मागे सरका. प्लॉटच्या एक चतुर्थांश भागावर मात्र हवं तितकं उंच जा. म्हणजे फ्लॅग जे म्हणत होता, तेच की!

आता पुढचं ऐका. फ्लॅगची सिंगर १९६८ पर्यंत पाडून झाली. शहराचा वारसा-कायदा १९६५ सालीच आला होता, पण या इमारतीला त्याचं संरक्षण मिळालं नाही. मनोऱ्यातले मजले लहान, आणि मोठ्या कंपन्यांना हवे होते ऐसपैस. तिच्या जागी ५४ मजल्यांची रुंद इमारत आली. इक्विटेबल मात्र उभी आहे, आणि १९९६ साली शहराने तिला वारसावास्तूचा दर्जाही दिला.

म्हणजे जिने शेजाऱ्यांसाठी आकाश सोडलं ती गेली, आणि जिने ते गिळलं ती राहिली. इक्विटेबलला दर्जा मिळाला याबद्दल आमची तक्रार नाही, कारण शहराच्या चुकाही जपायला हव्यात. तक्रार आहे ती आपल्या समीक्षेबद्दल. आपण शैली बघतो, कळस बघतो, उंचीचा विक्रम नोंदवतो. सिंगरचा मोठा गुण मात्र तिच्या बाहेर होता, तिने न बांधलेल्या जागेत. त्या जागेला भाडं येत नाही, म्हणून हिशेबात ती वायाच गेलेली दिसते. समीक्षकाने तरी ती मोजायला हवी होती.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी १९१६ नंतरच्या पायऱ्यापायऱ्यांच्या इमारती पाहू.