शस्त्रक्रियागृहातील पडताळणी-सूची : एक भाषिक परीक्षण

१

अतुल गावंडे यांचा 'द चेकलिस्ट मॅनिफेस्टो' हा ग्रंथ २००९ च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. ग्रंथकार बॉस्टन येथील शल्यविशारद असून त्यांचे पितृकुल यवतमाळ जिल्ह्यातील उमरखेड परिसरातले, म्हणजे मराठवाड्याच्या सीमेलगतचे आहे. ग्रंथाचे प्रमेय साधे आहे. आधुनिक वैद्यकात रुग्णास जो अपाय होतो त्यातील पुष्कळसा अज्ञानामुळे होत नाही. ठाऊक असलेली गोष्ट ऐन वेळी केली न गेल्यामुळे होतो. अनेक माणसांनी मिळून करावयाच्या कामात एकाची स्मृती अपुरी पडते. म्हणून मोजक्या प्रश्नांची सूची सर्वांसमक्ष मोठ्याने वाचली जावी, असे ग्रंथकाराचे सांगणे आहे.

हा केवळ विचार नव्हता. गावंडे यांच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेली एकोणीस कलमांची शस्त्रक्रिया-सुरक्षा सूची जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली पुढे मांडली. नवी दिल्लीसह आठ नगरांतील आठ रुग्णालयांत तिचा प्रयोग झाला आणि त्याचे निष्कर्ष २००९ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाले. शस्त्रक्रियेनंतरच्या मृत्यूंचे प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ टक्क्यांवर, आणि गंभीर उपद्रवांचे प्रमाण ११ टक्क्यांवरून ७ टक्क्यांवर आले. तथापि २०१४ साली कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातून निराळे वृत्त आले. तेथे १०१ रुग्णालयांत सूची लागू केल्यानंतर मृत्यूंच्या प्रमाणात लक्षणीय घट आढळली नाही. कागद तोच, कलमेही बहुतांशी तीच, आणि फळ मात्र भिन्न. या भेदाची संख्याशास्त्रीय कारणे असू शकतील व त्यांची चर्चा झालीही आहे. परंतु भाषेच्या अभ्यासकाला येथे एक वेगळा प्रश्न दिसतो. ही सूची लिहिलेली असली तरी ती मूलतः बोलण्याची संहिता आहे. म्हणून ती कोणत्या भाषेत, कोणी कोणाला उद्देशून बोलावयाची, या प्रश्नाला बगल देऊन तिचे मूल्यमापन करता येणार नाही.

२

संहिता म्हणून या सूचीचे गुण प्रथम मान्य केले पाहिजेत. तिचे तीन भाग आहेत : भूल देण्यापूर्वी, त्वचेवर छेद घेण्यापूर्वी, आणि रुग्ण शस्त्रक्रियागृहातून बाहेर नेण्यापूर्वी. तिन्ही ठिकाणी काम क्षणभर थांबते आणि भाषण सुरू होते. वाक्ये त्रोटक आहेत, अलंकार नाही, उपदेश नाही. पहिल्या भागात स्वतः रुग्णाने आपली ओळख, शस्त्रक्रियेची जागा, तिचे स्वरूप व आपली संमती सांगावयाची असते. शेवटच्या भागात उपकरणे, कापडी पट्ट्या व सुया यांची मोजणी जुळल्याचे परिचारिकेने तोंडाने सांगावयाचे असते. बोलण्याची पाळी वाटून देणे हे या संहितेचे खरे कौशल्य होय. एरवी ज्याने शेवटपर्यंत तोंड उघडले नसते त्याला ती बोलावयास लावते. आणि एकदा बोललेला मनुष्य पुढे संकटसमयीही बोलतो, असे गावंडे यांचे निरीक्षण आहे.

दुसऱ्या भागाचे पहिलेच कलम म्हणून महत्त्वाचे ठरते. सर्व सहकाऱ्यांनी आपापले नाव व काम सांगून परिचय करून दिला आहे काय, असे ते विचारते. इंग्रजीत हे कलम निरुपद्रवी वाटते. मराठी रुग्णालयात मात्र नेमके येथेच पाऊल अडखळते.

मराठी रुग्णालयातील संबोधनांचा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. वरिष्ठ डॉक्टर 'सर' किंवा 'मॅडम', परिचारिका 'सिस्टर', आणि पुरुष असल्यास 'ब्रदर', कक्षसेवक 'मामा', आया 'मावशी'. शासनव्यवहारात 'अधिपरिचारिका', 'परिसेविका', 'अधिसेविका' ही पदनामे रूढ आहेत. पण ती आदेशात व वेतनपत्रकात राहतात, हाकेत येत नाहीत. या व्यवस्थेत दोन गोष्टी घडतात. पहिली, नाव लोपते. चार सिस्टर उभ्या असताना 'सिस्टर, ते इंजेक्शन द्या' असे म्हटले म्हणजे आज्ञा दिली जाते, पण ती कोणाला दिली हे ठरत नाही. प्रत्येकीला ती दुसरीला सांगितली असे वाटू शकते. दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे. 'मामा' आणि 'मावशी' या नात्यांच्या शब्दांत जिव्हाळा आहे हे खरे. परंतु ज्ञानाचा अधिकार नाही. मावशीने सांगितलेली गोष्ट घरगुती ठरते. रुग्ण रात्रभर तळमळत होता हे पुष्कळदा प्रथम तिलाच कळते. तथापि तिच्या शब्दाला नोंदीत घर नसते.

अशा ठिकाणी 'नाव व काम सांगा' हे कलम जसेच्या तसे मराठीत आणल्यास ते एक तर हास्यास्पद ठरते, नाही तर न म्हणताच त्यापुढे बरोबरची खूण केली जाते. आपल्या समाजात वडील माणसासमोर आपले नाव सांगणे हा नम्रतेचा भाग आहे, परंतु वडिलांनी आपले नाव कनिष्ठाला सांगावे अशी रीत नाही. सूचीला तर तेच हवे आहे. श्रेणीची अडचण गावंडे यांनी ओळखली आहे. पण ज्या भाषेत नाव टाळणे हाच आदर आहे, अशा भाषेचा विचार करणे हा त्यांच्या ग्रंथाचा विषय नव्हता. ती उणीव भरून काढण्याचे काम मराठीच्या अभ्यासकांकडे येते.

३

संबोधनानंतर वाक्यरचनेकडे वळले पाहिजे. कनिष्ठाने वरिष्ठाला धोक्याची सूचना देताना मराठी बोलणारा जी रूपे योजतो ती बहुधा सौम्य करणारी असतात. 'सर, जरा येऊन जाता का?', 'बीपी थोडं कमी वाटतंय', 'एकदा बघून घेतलं असतं तर बरं झालं असतं' — या वाक्यांतील 'जरा', 'थोडं', 'वाटतंय' आणि संकेतार्थ हे सर्व शिष्टाचाराचे दागिने आहेत. घरी ते शोभतात. येथे मात्र निकडीची बातमी त्यांच्याखाली झाकली जाते. ऐकणारा शब्दांवरून निकड मोजतो, आणि शब्दांनी ती आधीच उणी केलेली असते.

पाळी बदलताना होणाऱ्या निरोपातही हेच दिसते. 'नऊ नंबरवर लक्ष ठेवा' या वाक्यात काय पाहावयाचे, किती वेळाने पाहावयाचे, आणि काय आढळल्यास कोणाला बोलवावयाचे, यांपैकी काहीच नाही. तरीही निरोप पुरा झाल्याचे समाधान दोघांनाही मिळते. त्यावरचा 'हो' हा उद्गार तर मराठीत तीन अर्थांनी येतो : ऐकले, समजले आणि करतो. बोलणाऱ्याला तिसरा अर्थ अभिप्रेत असतो, ऐकणाऱ्याने कदाचित पहिलाच दिलेला असतो.

तिसरी लकब कर्तृलोपाची. 'इंजेक्शन द्यायचं राहिलं', 'नोंद झाली नाही', 'बाटली संपून गेली' — अशा वाक्यांत कर्ता नसतो. क्रिया जणू आपण होऊन घडते किंवा राहते. मराठीच्या व्याकरणाला हे पूर्णपणे मान्य आहे आणि एखाद्याची लाज राखण्यास ते उपयोगीही पडते. पण झालेल्या चुकीची चिकित्सा करावयाची तर कोणत्या क्षणी, कोणाच्या हातून कोणाच्या हाती जाताना काम निसटले हे कळले पाहिजे. आणि 'राहिलं' हे क्रियापद नेमके तेवढेच झाकते.

४

छत्रपती संभाजीनगरसारख्या नगरात या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली स्थापन झाले आणि त्याचे रुग्णालय 'घाटी' या नावाने मराठवाडाभर ओळखले जाते. अशा रुग्णालयांच्या दारात मराठवाडी बोली, दखनी आणि बंजारा समाजाची गोरमाटी एकत्र येतात. कागदपत्रे इंग्रजीत असतात. आणि महाराष्ट्रातील अनेक रुग्णालयांत केरळातून आलेल्या परिचारिकांची मातृभाषा मल्याळम असते. बहुभाषिकत्व हे या नगराचे वैभव होय. परंतु जेथे एका शब्दावर शरीराची बाजू ठरते तेथे त्या वैभवाची किंमत जाणून घेतली पाहिजे.

उदाहरणार्थ, मराठीत 'डावा' म्हणजे वामांग. हिंदी-उर्दूत 'दायाँ' म्हणजे दक्षिणांग. दोन्ही शब्द दोन अक्षरांचे, उच्चारात जवळचे, आणि अर्थाने परस्परविरुद्ध. दखनीत त्याच दक्षिणांगाला 'सीधा' म्हणतात, तर मराठी कानाला 'सीधा' म्हणजे सरळ. मराठीत 'काल' केवळ भूतकाळी. हिंदी-उर्दूतला 'कल' मात्र काल आणि उद्या या दोहोंसाठी. स्वतः मराठीतला 'परवा' मागचाही असतो आणि पुढचाही. वाक्यात क्रियापद असेल तर काळ कळतो. पण रुग्णालयातील बोलणे बहुधा क्रियापद गाळूनच चालते. 'कल का ऑपरेशन' किंवा 'परवाचं रक्त' या तुकड्यांना काळ नसतो.

संख्यावाचकांचेही तसेच. मुखपट्टीआडून घाईने म्हटलेले 'पंधरा' आणि 'पन्नास', किंवा 'एकोणसाठ' आणि 'एकोणसत्तर' यांत ऐकणाऱ्याची फसगत होणे अशक्य नाही. 'दीड', 'अडीच' हे शब्द मराठी माणसाला इतके सहज आहेत, की ते अवघड असतील अशी शंकाही त्याला येत नाही. पण परभाषिकाला 'अडीच' या शब्दात दोन दिसत नाहीत आणि अर्धाही दिसत नाही. औषधाची मात्रा सांगताना अंक सुटे उच्चारावेत — 'एक-पाच', 'पाच-शून्य', 'दोन दशांश पाच' — हा नियम म्हणून भाषिक दृष्ट्याही सयुक्तिक ठरतो. शस्त्रक्रियेची जागा शरीरावरच खुणेने दाखवावी असे सूचीचे जे कलम आहे, त्याचे महत्त्वही येथे कळते : खुणेला भाषांतर लागत नाही.

५

या अडचणींवर दोन उपाय सुचवले जातात आणि दोन्ही अपुरे आहेत. सर्व व्यवहार इंग्रजीतच ठेवावा, असे एक पक्ष म्हणतो. पण सूचीचा पहिला उत्तरदाता रुग्ण आहे, आणि तिच्या कक्षेत कक्षसेवकही येतो; या दोघांना वगळून केलेली सुरक्षा अर्धीच होय. दुसरा पक्ष संपूर्ण सूचीचे शुद्ध मराठीत भाषांतर करू पाहतो. परंतु 'शल्यकर्मपूर्व अभिज्ञान-निश्चिती' यासारख्या पदांनी परकेपण जात नाही, ते केवळ संस्कृत वेष धारण करते. स्थानिक रीतीस अनुसरून भर घालावी व फेरफार करावेत, असे उत्तेजन जागतिक आरोग्य संघटनेने सूचीच्या कागदावरच दिले आहे. भाषांतर व्हावयाचे आहे ते शब्दांचे नव्हे, बोलण्याच्या हक्काचे.

हा हक्क वैयक्तिक धैर्यावर सोपवून भागत नाही. जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात पीटर प्रोनोव्होस्ट यांनी २००१ साली रक्तवाहिनीत नळी घालण्याची पाच पायऱ्यांची सूची योजली, तेव्हा एखादी पायरी गाळली गेल्यास डॉक्टरला थांबवण्याचा अधिकार व्यवस्थापनाने परिचारिकांना दिला होता. गावंडे यांनी ही हकीकत सविस्तर दिली आहे. अधिकार असा जाहीर झाला म्हणजे थांबवणे हे औद्धत्य राहत नाही, कर्तव्य होते.

आपल्याकडेही अशी उदाहरणे नाहीत असे नव्हे. रेल्वेच्या दोन स्थानकांमधील मार्ग मोकळा असल्याची कबुली देताना स्टेशनमास्तर परस्परांना 'प्रायव्हेट नंबर' देतात आणि तो नोंदवला जातो. तेथे मोघम 'हो' पुरत नाही. आणि अंक मागितला म्हणून कोणाचा मानभंगही होत नाही, कारण तो मनुष्य मागत नसून रीत मागत असते. तोंडी आदेश उलट वाचून दाखवावा असा जो दंडक अमेरिकेतील जॉइंट कमिशनने २००३ पासून घातला, त्याचे मर्म हेच आहे.

मराठीच्या व्याकरणातून या रीतीला साह्यही मिळू शकते. मागे ज्या कर्तृलोपाला दोष दिला तोच येथे उपयोगी पडतो. 'तुम्ही चुकत आहात' हे वाक्य परिचारिकेच्या तोंडून निघणे कठीण. पण 'थांबा, खात्री नाही' हे निघू शकेल. त्यात आदरार्थी रूप आहे, आरोप नाही, आणि 'जरा' नाही. झालेल्या कामाच्या वृत्तात कर्ता हवा. होऊ घातलेल्या धोक्याच्या सूचनेत तो नसला तरी चालेल. तसेच 'सिस्टर' काढून टाकण्याची गरज नाही. 'सुनीता सिस्टर' म्हटल्याने आदर राहतो आणि आज्ञेला पत्ता मिळतो. 'अमुक सर', 'तमुक मामा' ही रूपे भाषेत आहेतच. त्यांना नियमाचे बळ द्यावयाचे आहे.

गावंडे यांचा ग्रंथ मोलाचा आहे तो त्याने सूची दिली म्हणून नव्हे; सामान्य वाटणाऱ्या बोलण्याला त्याने जीवरक्षणाच्या साधनांत स्थान दिले म्हणून. त्याचे हे प्रमेय स्वीकारले की पुढील काम भाषाशास्त्राचे ठरते. पाळी बदलतानाचे निरोप संबंधितांच्या व रुग्णांच्या संमतीने, नावे गाळून, ध्वनिमुद्रित व्हावेत. संबोधने, 'हो'चे अर्थ, संख्यावाचकांची गफलत आणि सौम्यतादर्शक अव्यये यांची नोंद व्हावी. आणि त्या नोंदीवरून, परिचारिका व कक्षसेवक यांना सोबत घेऊन, मराठी सूचीचा मसुदा सिद्ध व्हावा. एका नगरात भाषाविभाग आणि वैद्यकीय महाविद्यालय दोन्ही असताना हे काम दुसऱ्या कोणी करावे अशी वाट पाहण्याचे कारण नाही.