पुष्पाबाईंचा निरोप आणि 'आयएनजी'

निसिम इझिकेल यांची 'गुडबाय पार्टी फॉर मिस पुष्पा टी. एस.' ही कविता ('हिम्स इन डार्कनेस', 1976) वर्गात बहुधा हसण्यासाठीच वाचली जाते. निरोपाचं भाषण करणारे गृहस्थ जागोजागी 'आयएनजी' लावतात, मुलं हसतात, तास संपतो. मला वाटतं, कवितेतलं खरं निरीक्षण तिथेच निसटतं.

नीट बघा, त्यांचं प्रत्येक 'आयएनजी' चुकीचं नाही. पुष्पाबाई दोन-तीन दिवसांत परदेशी निघणार आहेत, तिथलं 'डिपार्ट' बिनचूक आहे. निघणं ही क्रिया आहे, म्हणजे डायनॅमिक. 'रिमेंबर' ही अवस्था, म्हणजे स्टेटिव्ह. तिथे ते खटकतं. सगळ्यात मजेशीर आहे 'कम'. 'द ट्रेन इज कमिंग' बरोबर, कारण गाडी क्षणाक्षणाला जवळ येतेय. पण 'आय कम फ्रॉम बोरीवली' यात काहीच सरकत नाही. क्रियापद तेच, अर्थ वेगळा. पुष्पाबाईंचं घराणं सांगताना वक्ता नेमका इथेच घसरतो.

म्हणून स्टेटिव्ह क्रियापदांची यादी पाठ करून भागत नाही. झेनो वेंडलर यांनी 1957 मध्ये मांडलेली कसोटी जास्त उपयोगी आहे: ही गोष्ट टप्प्याटप्प्याने पुढे जाते, की प्रत्येक क्षणी पूर्णच असते?

शिवाय ही घसरण अडाणीपणाची नाही. 'मला आत्ता आठवत नाहीये' हे मराठीत अगदी शुद्ध आहे. तोच साचा इंग्रजीत गेला, इतकंच. इझिकेल मुंबईतल्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजातले. हा साचा त्यांनी अचूक टिपलाय.

माझा आक्षेप वेगळा आहे. सगळ्या लकबी एकाच तोंडी कोंबल्यामुळे वक्ता माणूस कमी आणि नमुना जास्त वाटतो. खरा माणूस तेच क्रियापद एकदा चुकीचं आणि पुढच्याच वाक्यात बरोबर वापरतो. त्यामुळे 'भारतीय इंग्रजी अशी असते' याचा पुरावा म्हणून ही कविता प्रबंधात देऊ नका. कवी निवड करतो. संशोधकाला निवडीत न बसणारी वाक्यंही मोजावी लागतात.

आणि हसून झालं की आपला मसुदा उघडा. 'द सॅम्पल इज कंटेनिंग', 'द रेट इज डिपेंडिंग ऑन' अशी वाक्यं शोधा. मराठीत 'अवलंबून आहे' म्हणायची सवय असल्यामुळे ती सहज येतात. नमुन्यात मीठ आहे, ही अवस्था. तिथे 'कंटेन्स' लिहा. नमुना तापतोय, ही क्रिया. तिथे 'इज हीटिंग' खुशाल लिहा.